गतिवाचक इंग्रजी क्रियापदे आणि त्यांच्यानंतर येणारी शब्दयोगी अव्यये : मराठी भाषक विद्यार्थ्याच्या अडचणींचा विचार

प्रस्तावना :

तासगाव व परिसरातील वाड्यावस्त्यांवरून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनात काही वाक्ये वर्षानुवर्षे त्याच रूपात भेटतात. 'आय रीच्ड टू सांगली', 'ही एंटर्ड इन द क्लास', 'वुई लेफ्ट टू मुंबई', 'शी केम टू होम' ही त्यांतील नेहमीची वाक्ये होत. प्राध्यापक त्यांवर लाल रेघ मारतो, समासात चुकीचे नाव लिहितो आणि पुढील उत्तराकडे वळतो. पुढील सत्रात तोच विद्यार्थी तेच वाक्य पुन्हा लिहितो. महाराष्ट्रात जून २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. तत्पूर्वी मराठी शाळांत तो पाचवीपासून शिकविला जात असे. म्हणजे आज पदवीच्या वर्गात बसणारा विद्यार्थी किमान बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. इतक्या वर्षांनंतरही 'रीच' या साध्या क्रियापदापुढील 'टू' जात नाही, याचे कारण विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा असे मानण्याची प्रथा आहे. ही प्रथा सोयीची आहे, पण ती वस्तुस्थितीशी जुळत नाही.

निष्काळजीपणातून होणाऱ्या चुका विस्कळीत असतात. येथे मात्र सावळज, मणेराजुरी किंवा विसापूरचा विद्यार्थी एकमेकांची वही न पाहता तीच चूक करतो. एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या चुकांचे महत्त्व प्रतिपादन करणारा जो लेख लिहिला, त्यातील मुख्य मुद्दा हाच होता की, नियमितपणे होणारी चूक ही विद्यार्थ्याच्या मनात घडत असलेल्या व्याकरणाचा पुरावा असते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या घडत्या व्याकरणास 'इंटरलँग्वेज' असे नाव दिले. त्याआधी १९५७ मध्ये रॉबर्ट लॅडो यांनी दोन भाषांची तुलना करून अडचणींचा अंदाज बांधता येतो असे मांडले होते. लॅडो यांचा सर्वच चुका मातृभाषेच्या माथी मारण्याचा कल पुढे टिकला नाही. परंतु शब्दयोगी अव्ययांच्या प्रांतात मातृभाषेची छाया एवढी ठळक आहे की, तेथे त्यांची पद्धत आजही उपयोगी पडते.

प्रस्तुत लेखात गतिवाचक इंग्रजी क्रियापदांनंतर कोणते शब्दयोगी अव्यय यावे, अथवा येऊच नये, या प्रश्नाचा मराठीच्या बाजूने विचार केला आहे. इंग्रजीत हे अव्यय नामाच्या आधी येते, मराठीत ते नामाच्या सामान्यरूपाला मागून जोडले जाते आणि मराठीत त्याचे बरेचसे काम विभक्तिप्रत्ययच करतात, हे येथे गृहीत धरले आहे.

'ला' आणि 'त' यांची व्याप्ती :

अडचणीचे मूळ मराठीच्या दोन अगदी छोट्या प्रत्ययांत आहे. 'तो तासगावला गेला' या वाक्यात 'ला' हा प्रत्यय गन्तव्य स्थान दाखवितो. 'तो तासगावला राहतो' या वाक्यात तोच प्रत्यय केवळ स्थान दाखवितो. 'ती शाळेत गेली' येथे 'त' गन्तव्याचा आहे, 'ती शाळेत आहे' येथे तो अधिकरणाचा आहे. म्हणजे मराठीत स्थिती आणि गती यांतील भेद प्रत्यय सांगत नाही. तो भार क्रियापद उचलते. 'राहणे' आले की स्थिती, 'जाणे' आले की गती. मराठी बोलणाऱ्याचा यात कधीही गोंधळ होत नाही.

इंग्रजी येथे नेमकी उलट वागते. ती 'अ‍ॅट' व 'इन' ही अव्यये प्रामुख्याने स्थितीसाठी राखते, तर 'टू', 'इनटू' व 'ऑनटू' ही गतीसाठी. जुन्या इंग्रजीत हे काम अंशतः विभक्ती करीत असे. 'इन' या अव्ययापुढे स्थिती असेल तर चतुर्थी आणि गती असेल तर द्वितीया येत असे. आजच्या जर्मनमध्ये ही व्यवस्था जिवंत आहे : शाळेत असणे म्हणजे 'इन डेअर शूले', शाळेत जाणे म्हणजे 'इन डी शूले'. इंग्रजीतील विभक्तिप्रत्यय झिजत गेल्यावर हा भेद दाखविण्याची जबाबदारी उत्तरोत्तर अव्ययांवरच येऊन पडली. मराठी विद्यार्थ्याच्या मनात मात्र 'त' म्हणजे 'इन' आणि 'ला' म्हणजे 'टू' असे समीकरण प्राथमिक शाळेपासून पक्के झालेले असते. 'ती वर्गात शिरली' याचे 'शी एंटर्ड इन द क्लास' होते ते या समीकरणाने. विद्यार्थी येथे नियम मोडत नाही. तो एक नियम अत्यंत निष्ठेने पाळत असतो, फक्त तो नियम इंग्रजीचा नसतो.

मराठीतील 'ला' हा प्रत्यय द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींच्या कोष्टकांत आढळतो. विद्यार्थ्यास हे नेहमी कोड्यात टाकते. या कोड्यास जुना वारसा आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात गत्यर्थक धातूंच्या कर्माला द्वितीया व चतुर्थी या दोन्ही विभक्ती सांगितल्या आहेत; संस्कृतात 'गावास जातो' हे दोन्ही प्रकारे म्हणता येते. मात्र त्यासाठी दोन अटी घातल्या आहेत : गती प्रत्यक्ष शरीराची असली पाहिजे, आणि ते कर्म म्हणजे मार्ग असता कामा नये. मनाने कोठे जाणे किंवा वाट चालणे या ठिकाणी चतुर्थी चालत नाही. गन्तव्य आणि मार्ग या दोन गोष्टी व्याकरणाने वेगळ्या हाताळाव्या लागतात, ही जाणीव इतकी प्राचीन आहे. इंग्रजी शिकविणाऱ्यास तिचा उपयोग पुढे होणार आहे.

घरी, गावी, गावाला, गावात :

'घरी' या शब्दातील 'ई' हा सप्तमीचा जुना प्रत्यय आहे. आज तो 'घरी', 'गावी', 'दारी' अशा मोजक्या शब्दांतच उरला आहे. इंग्रजीतील 'होम' या शब्दाची कथा विलक्षण सारखी आहे. 'गो होम' मधील 'होम' हे जुन्या इंग्रजीतील द्वितीयेचे रूप असून गन्तव्याचा अर्थ त्याच्या पोटातच आहे. म्हणून तेथे 'टू' लागत नाही. 'घरीला गेलो' असे कोणी म्हणत नाही, तसेच 'वेंट टू होम' असेही म्हणू नये, एवढे सांगितले तर विद्यार्थ्याच्या चटकन लक्षात येते. 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड', 'आउटसाइड', 'अपस्टेअर्स' यांनाही हेच लागू आहे. 'फॉरेनला गेला' या आपल्या बोलण्यातील 'फॉरेन' मात्र नामासारखे वापरले जाते, आणि त्यातून 'वेंट टू फॉरेन' तयार होते.

मळ्यात राहणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्यास आणखी एक भेद जन्मतःच ठाऊक असतो. 'गावाला गेला' म्हणजे परगावी गेला. 'गावी गेला' म्हणजे स्वतःच्या मूळ गावी गेला. 'गावात गेला' म्हणजे वस्तीवरून गावठाणात, बाजारहाटीला गेला. इंग्रजीतील 'गोइंग इनटू टाऊन' या प्रयोगाचा अर्थ या तिसऱ्या वाक्याशी तंतोतंत जुळतो : बोलणारा बाहेरच्या बाजूस आहे आणि त्याला वस्तीच्या आत जायचे आहे. 'टू' टोक दाखवितो, 'इनटू' सीमा ओलांडल्याचे दाखवितो, हा भेद पाठ्यपुस्तकातील खोली आणि पेटी यांच्या चित्रांपेक्षा 'गावाला' आणि 'गावात' या जोडीने अधिक लवकर कळतो.

जी क्रियापदे अव्यय गिळून बसतात :

'रीच', 'एंटर', 'अप्रोच', 'लीव्ह', 'क्रॉस', 'व्हिजिट' या क्रियापदांपुढे स्थळाचे नाव थेट कर्म म्हणून येते. मराठीत 'पोचणे', 'शिरणे', 'निघणे' ही क्रियापदे अकर्मक असल्यामुळे स्थळास प्रत्यय लावावाच लागतो. तोच प्रत्यय इंग्रजीत उतरतो. मराठीतही 'नदी ओलांडली', 'घाट चढला', 'गाव सोडले' अशी उदाहरणे आहेत की, जेथे स्थळ हेच कर्म होते आणि त्यास प्रत्यय लागत नाही. अध्यापनाचा आरंभ येथून करणे सोपे जाते. 'गाव सोडले' येथे जसे 'गावाहून सोडले' होत नाही, तसे 'लीव्ह' पुढे 'फ्रॉम' येत नाही. 'एंटर' चे भाषांतर 'प्रवेश करणे' असे न शिकविता क्षणभर 'ओलांडणे' या कुळात टाकले तर 'इन' आपोआप गळून पडते.

यांपैकी 'एंटर', 'अप्रोच' यांसारखी क्रियापदे इंग्रजीत लॅटिन-फ्रेंच मार्गाने आली आहेत आणि त्यांच्या अर्थातच दिशा सामावलेली आहे. 'आत' हा अर्थ 'एंटर' मध्ये असताना पुन्हा 'इन' घालणे म्हणजे द्विरुक्ती. 'रिटर्न बॅक' ही 'परत आला' मधून आलेली द्विरुक्ती याच जातीची. 'रीच' हे मात्र अस्सल जर्मानिक कुळातील क्रियापद असून त्याचा मूळ अर्थ हात लांब करणे असा आहे. हाताने फळीवरचा डबा गाठावा तसे प्रवासाने सांगली गाठायची. 'गाठणे' हे सकर्मक मराठी क्रियापद येथे 'पोचणे' पेक्षा कितीतरी अधिक उपयुक्त आहे : 'सांगली गाठली', 'रीच्ड सांगली'. हात नुसता पुढे केला आणि वस्तू हाती आलेली नसली तर 'रीच फॉर' येते, हेही मग सहज सांगता येते.

'अराइव्ह' ची गोष्ट वेगळी. त्याचा उगम लॅटिनमधील तीराला लागणे या अर्थात आहे. पोहोचल्यानंतर मनुष्य जेथे उभा असतो त्या जागेकडे हे क्रियापद पाहते. त्यामुळे गती असूनही तेथे 'टू' येत नाही, 'अ‍ॅट' किंवा 'इन' येते. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांच्या १९८५ च्या बृहद् व्याकरणात स्थलवाचक अव्ययांची मांडणी मितींनुसार केली आहे : बिंदू म्हणून पाहिलेल्या जागेला 'अ‍ॅट', पृष्ठभाग वा रेषा म्हणून पाहिलेल्या जागेला 'ऑन', क्षेत्र वा पोकळी म्हणून पाहिलेल्या जागेला 'इन'. जागा तीच असते, पाहण्याची रीत बदलते. कोल्हापूरला जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने तासगाव हा वाटेवरचा एक थांबा आहे. त्याची एसटी तासगावला 'अ‍ॅट' ने पोचते. बदली होऊन सहकुटुंब आलेला कर्मचारी तासगावात 'इन' ने पोचतो.

'लीव्ह' या क्रियापदाबाबत चुकीची किंमत सर्वांत मोठी आहे. 'तो सांगलीला निघाला' याचे योग्य रूप 'ही लेफ्ट फॉर सांगली' असे होय. विद्यार्थी प्रथम 'ही लेफ्ट टू सांगली' लिहितो. प्राध्यापक 'टू' वर काट मारतो. विद्यार्थी आज्ञाधारकपणे 'टू' काढून 'ही लेफ्ट सांगली' असे लिहितो, आणि वाक्याचा अर्थ उलटा होऊन तो सांगलीहून निघतो. अर्धवट दुरुस्ती चुकीपेक्षा घातक ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. रजेच्या अर्जात, जबाबात किंवा नोकरीच्या मुलाखतीत अशा वाक्याने वाचणाऱ्याची दिशाभूल होते आणि लिहिणाऱ्यास ती झाल्याचे कळतही नाही. 'फॉर' हे अव्यय गन्तव्य अद्याप गाठलेले नाही, केवळ मनात धरले आहे, असे सांगते. 'सेट आउट फॉर', 'हेड फॉर', 'बाउंड फॉर' हे प्रयोग त्याच घरचे. 'लीव्ह फ्रॉम' सर्वस्वी अशुद्ध आहे असेही नाही. गाडी कोणत्या फलाटावरून सुटते हे सांगताना 'फ्रॉम' येतेच.

'व्हिजिट' च्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. 'रायगडाला भेट दिली' याचे 'व्हिजिटेड टू रायगड' होते, त्यात 'ला' चा वाटा आहेच. परंतु 'अ व्हिजिट टू रायगड' हा नामाचा प्रयोग शुद्ध आहे आणि निबंधाच्या शीर्षकात तो विद्यार्थ्याने वारंवार पाहिलेला असतो. 'एंटर' आणि 'एंट्री इनटू' यांचेही तसेच. क्रियापद कर्म घेते, त्याचे नाम झाले की अव्यय मागते. हे एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

'तून' आणि 'वरून' :

पाठ्यपुस्तकांत पंचमीचे 'ऊन' व 'हून' हे प्रत्यय 'फ्रॉम' या एकाच शब्दाने उरकले जातात. वस्तुतः मराठी विद्यार्थ्याची खरी परीक्षा येथे आहे, आणि ती पुस्तकांनी जवळजवळ दुर्लक्षिली आहे.

'पेटीतून द्राक्षे काढली' येथे 'तून' म्हणजे 'आउट ऑफ'. 'खिडकीतून पाहिले' येथे तो 'थ्रू'. 'बागेतून चालत गेला' येथे बागेच्या आतून वाट काढीत गेला असेल तर 'थ्रू', आणि मोकळे रान एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पार केले असेल तर 'अ‍ॅक्रॉस'. द्राक्षबागेत मांडव असतो, वेली असतात, सभोवती आणि डोक्यावर काहीतरी असते. तेथे 'थ्रू' हवे. नांगरून टाकलेल्या उघड्या रानात 'अ‍ॅक्रॉस' हवे. एकच प्रत्यय दोन भिन्न गोष्टी सांगतो : कधी तो आरंभस्थान दाखवितो, कधी मार्ग. पाणिनीने मार्ग वेगळा काढला होता त्याची येथे आठवण व्हावी. 'तून' दिसला की प्रथम विचारावयाचा प्रश्न असा : ही जागा प्रवासाचे सुरुवातीचे टोक आहे की मधला टप्पा? टोक असेल तर 'आउट ऑफ' किंवा 'फ्रॉम', टप्पा असेल तर 'थ्रू' किंवा 'अ‍ॅक्रॉस'.

'वरून' ची व्याप्ती त्याहून मोठी आहे. 'झाडावरून पडला' येथे 'ऑफ' अथवा 'आउट ऑफ' येईल. फांद्यापानांनी वेढलेले झाड इंग्रजी मनास पोकळीसारखे भासते म्हणून 'आउट ऑफ अ ट्री', तर भिंतीवरून पडल्यास 'ऑफ अ वॉल'. 'आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला गेला' येथे पूल हा मार्ग आहे : 'ओव्हर' किंवा 'अ‍ॅक्रॉस'. पुलावरून खाली उडी मारली तर तोच पूल आरंभस्थान होतो : 'ऑफ'. 'आमच्या घरावरून गेला' म्हणजे घराला ओलांडून, थांबता गेला नाही : 'पास्ट'. येथे 'ओव्हर' लिहिल्यास मनुष्य छपरावरून गेला असा अर्थ होतो. 'एसटी कवठे एकंदवरून सांगलीला जाते' येथे 'व्हाया' किंवा 'थ्रू'. 'मुंबईवरून आला' हा तर 'मुंबईहून आला' याचा अलीकडचा पर्याय. शुद्धलेखनाचे आग्रही लोक त्यास नाके मुरडतात, पण बोलण्यात तो रुळला आहे, आणि त्याचे भाषांतर साधे 'फ्रॉम'. एका 'वरून' साठी इंग्रजीत पाच-सहा अव्यये उभी असताना विद्यार्थ्याने सर्वत्र 'फ्रॉम' लिहिले, तर त्यास दोष देण्यापूर्वी कोणी त्याला हे तपशिलाने शिकविले होते काय, हे विचारणे न्याय्य ठरेल.

वाहनांच्या संदर्भात मराठी स्वतःच एक नेमका भेद करते. 'गाडीत बसला' आणि 'गाडीवर बसला' या दोन वाक्यांतील गाड्या वेगळ्या आहेत, हे तासगावातील शाळकरी पोरही जाणते. इंग्रजीत मोटारीत 'गेट इन', तीमधून 'गेट आउट ऑफ'. दुचाकीवर 'गेट ऑन', तिच्यावरून 'गेट ऑफ'. येथपर्यंत दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. बस आणि आगगाडी येथे वाटा फुटतात. मराठीस त्या पोकळ पेट्या वाटतात, म्हणून 'एसटीत बसला', 'एसटीतून उतरला'. इंग्रजी त्यांना उभे राहता येईल अशा तळासारखे पाहते, म्हणून 'गेट ऑन द बस', 'गेट ऑफ द बस'. शिवाय 'बसला' या शब्दामुळे विद्यार्थी 'सॅट इन द बस' लिहितो. इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ आसनस्थ झाला इतकाच; गाडीत चढला हा अर्थ त्यातून निघत नाही.

धावत शिरणे :

लिओनार्ड टॅल्मी यांनी १९८५ च्या एका विस्तृत लेखात आणि पुढे १९९१ मध्ये भाषांचे गतिवर्णनावरून जे वर्गीकरण केले, त्याचा येथे विशेष उपयोग होतो. काही भाषांत क्रियापद गतीचा प्रकार सांगते आणि मार्ग अव्ययाकडे सोपविते. इंग्रजी ही त्यांपैकी एक. दुसऱ्या गटातील भाषांत क्रियापदच मार्ग सांगते आणि गतीचा प्रकार धातुसाधिताकडे जातो. स्पॅनिश हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण, आणि मराठीची ठेवणही बव्हंशी तशीच आहे. 'पोर रांगत अंगणात आले' या वाक्यात मुख्य क्रियापद 'आले' आहे. रांगणे हे 'रांगत' या रूपाने बाजूस उभे आहे. इंग्रजी मात्र 'द बेबी क्रॉल्ड इनटू द कोर्टयार्ड' असे म्हणते. येणे हा अर्थ तेथे कोणत्याही क्रियापदात नाही, तो सर्वस्वी 'इनटू' मध्ये आहे.

'इनटू' चुकले की तेवढ्यावर भागत नाही, घटनाच बदलते, ती यामुळे. 'ही रॅन इनटू द रूम' म्हणजे तो धावत खोलीत शिरला. 'ही रॅन इन द रूम' म्हणजे साधारणतः तो खोलीतल्या खोलीत धावला. मराठीतील 'तो खोलीत धावला' याचा अर्थही बव्हंशी हाच होतो, म्हणूनच मराठी माणूस 'धावत शिरला' असे म्हणतो. डॅन स्लोबिन यांनी बोलण्यासाठी म्हणून केलेला विचार अशी जी कल्पना मांडली, ती हीच : वाक्य उच्चारताना आपली भाषा ज्या गोष्टी मागते त्यांकडेच लक्ष देण्याची सवय मनास लागते. मराठी क्रियापदात मार्ग ठेवण्याची सवय झालेल्यास अव्यय हे किरकोळ शेपूट वाटते. इंग्रजीत वाक्याचा कणाच त्या शेपटात असतो.

असे असले तरी लाल शाईने घाई करू नये. 'पुट', 'फॉल', 'जंप' अशा क्रियापदांनंतर इंग्रजी स्वतःच 'इन' स्वीकारते. 'शीतगृहात बेदाणा ठेवला' येथे 'पुट इन' च योग्य. विहिरीत उडी मारली तर 'जंप्ड इनटू' आणि 'जंप्ड इन' दोन्ही चालतात, कारण विहिरीत उड्या मारीत राहणे संभवत नाही आणि संदिग्धतेस जागा उरत नाही. 'एंटर इनटू' देखील करार किंवा चर्चा यांसाठी आजही रूढ आहे, आणि बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तो प्रत्यक्ष जागेसाठीही वारंवार येतो. जुने गद्य वाचून आलेल्या विद्यार्थ्याने तो वापरला, तर त्यास तो प्रयोग मागे पडला आहे असे सांगावे. अज्ञानी ठरवू नये.

कडे, मागे, अंगावर, पर्यंत :

'डॉक्टरांकडे गेला' याचे 'ही वेंट टुवर्ड्स द डॉक्टर' झाले की रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचलाच नाही. 'टुवर्ड्स' केवळ दिशा देते, पोचण्याची हमी देत नाही. मराठी 'कडे' दोन्ही कामे करते : 'मामाकडे गेला' येथे पोचणे आहे, 'डोंगराकडे चालू लागला' येथे केवळ दिशा. 'त्याच्या मागे धावला' याचे 'रॅन बिहाइंड हिम' केल्यास तो पाठोपाठ धावत होता एवढेच कळते. पकडण्याचा हेतू 'आफ्टर' सांगते. 'कुत्र्याला दगड मारला' आणि 'मित्राला चेंडू टाकला' या दोहोंत मराठीस 'ला' पुरतो. इंग्रजी वैर आणि मैत्री वेगळी करते : लक्ष्य करून फेकणे 'अ‍ॅट', झेलण्यासाठी देणे 'टू'. 'अंगावर धावून आला' यासही 'अ‍ॅट' च हवे.

'पर्यंत' हे अव्यय मराठीत काळ व स्थळ दोहोंस चालते, म्हणून 'स्टेशनपर्यंत सोडतो' याचे 'आय विल ड्रॉप यू टिल द स्टेशन' होते. प्रमाण इंग्रजीत 'टिल' काळाचे. स्थळासाठी 'अ‍ॅज फार अ‍ॅज', 'अप टू', किंवा येथे साधे 'अ‍ॅट'. भारतीय इंग्रजीत 'टिल' चा हा वापर पुष्कळ ऐकू येतो. ब्रज काचरू यांच्या लेखनापासून भारतीय इंग्रजीकडे एक स्वतंत्र रूप म्हणून पाहण्याची दृष्टी आली आहे, आणि बोलण्यातील अशा प्रयोगांस हसण्याचे कारण नाही. परंतु स्पर्धा परीक्षेची उत्तरतालिका त्या दृष्टीने तयार होत नाही, हे विद्यार्थ्यापासून लपवून ठेवणेही अप्रामाणिक ठरेल.

अध्यापन व मूल्यमापन :

तासगावच्या विद्यार्थ्यासमोर गतिवर्णनाचा एक उत्तम नमुना दरवर्षी भाद्रपद शुद्ध पंचमीस उभा राहतो. गणपती मंदिरापासून निघणारा रथ दोर लावून भाविक ओढतात, तो काशीविश्वेश्वराच्या मंदिरापर्यंत जातो आणि परत येतो. या एका घटनेच्या वर्णनात जवळजवळ सर्व अव्यये लागतात. रथ मंदिरापासून निघतो तेथे 'सेट्स ऑफ फ्रॉम'. रस्त्याने जातो तेथे 'अलाँग', कारण 'ने' हा तृतीयेचा प्रत्यय येथे साधन दाखवीत नसून मार्ग दाखवितो. विद्यार्थी येथे 'बाय द रोड' लिहितो आणि रथ रस्त्याच्या कडेला असल्याचा भास होतो. गर्दीतून जातो तेथे 'थ्रू'. काशीविश्वेश्वरापर्यंत 'अ‍ॅज फार अ‍ॅज', परत 'बॅक टू'. रथावर गुलाल उधळतात तेथे 'ओव्हर', कारण 'अ‍ॅट' लिहिल्यास भक्तीचे आक्रमण होईल. लोक घराच्या गच्चीवरून पाहतात तेथे 'फ्रॉम'. हे वर्णन विद्यार्थ्याने प्रथम मराठीत लिहावे, प्रत्येक प्रत्ययाखाली रेघ मारून ती जागा आरंभ, मार्ग, गन्तव्य की केवळ स्थान, हे ठरवावे आणि मगच इंग्रजीकडे वळावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीस ही रीत परकी वाटणार नाही. भाषांतर पद्धतीची मध्यंतरी बरीच निंदा झाली. तथापि या एका विषयापुरते मराठीस वर्गाबाहेर ठेवणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध देणे होय.

क्रियापद एकटे न शिकविता त्याच्या अव्ययासह शिकवावे, हा ए. एस. हॉर्नबी यांचा आग्रह होता. त्यांचा शब्दकोश १९४२ मध्ये प्रथम जपानमध्ये निघाला आणि पुढे ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशाच्या रूपाने जगभर गेला. ग्रंथालयात त्याच्या प्रती असतात, परंतु विद्यार्थी त्यात फक्त अर्थ पाहतो. क्रियापदाच्या नोंदीत अर्थाशेजारीच त्याची रचना दिलेली असते, तिकडे बोट दाखविण्याचे काम प्राध्यापकाचे आहे.

रिकाम्या जागा भरा, या प्रश्नप्रकाराविषयी मात्र अध्यापकांनी आपसांत बोलण्याची गरज आहे. 'द बस अराइव्ड डॅश तासगाव' या रिकाम्या जागेत नमुना उत्तरात बहुधा 'इन' छापलेले असते. मघाशी पाहिल्याप्रमाणे 'अ‍ॅट' हेही उत्तर तितकेच शुद्ध आहे; किंबहुना बसच्या संदर्भात ते अधिक स्वाभाविक आहे. 'ही वॉक्ड डॅश द फील्ड' येथे 'थ्रू', 'अ‍ॅक्रॉस', 'इनटू', 'टुवर्ड्स', 'टू' ही सर्व बरोबर आहेत आणि प्रत्येकाचे चित्र वेगळे आहे. असा प्रश्न एका गुणासाठी विचारून चार शुद्ध उत्तरांना शून्य देणे, यात चूक प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची आहे. जागा भरण्यापूर्वी एक ओळीचा प्रसंग दिला, उदाहरणार्थ उभ्या ज्वारीतून वाट काढावी लागली एवढे सांगितले, तर उत्तर एकच उरते. प्रसंग देणे शक्य नसेल तेथे नमुना उत्तरात सर्व शुद्ध पर्याय छापावेत. त्यास कागदावर अर्धी ओळ अधिक लागते.